घरचीच माणसं

काढा की, अजून एक फोटो काढा. पुढून झाला, मागून झाला, आता खालून काढा — बोनट गेलं, रेडिएटर गेलं, एक चाक आत दबून बसलं. अपघात झाल्यापासून ही जीप अशीच माझ्या दारात उभी हाये. तुमच्या हाफिसातनं फोन आल्ता, इम्याचे सर्वेअर साहेब बघून जातील, तोवर हात लावू नका. न्हाई लावला. कोंबड्या बसून राह्यल्या तिच्यात, त्याह्यला कोण सांगावं? बसा त्या बाजेवर. एस्टीनं उभ्यानं आल्ते ना? मंग बसा. वंदना, साहेबाला चहा ठेव, साखर बराबर टाक — कडू तोंडानं कोण क्लेम पास करंल?

तुमच्या इम्याचं मला लई कवतिक वाटतं. हप्ता न्यायला एजंट आल्ता तवा म्हणला, अप्पाराव, आता बिनघोर झोपा. अन् आज तुमी म्हणून राह्यले, रबराचं अर्धं भेटंल, प्लास्टिकचं अर्धं, लोखंडाला वयाप्रमाणं घसारा. म्हणजे हप्ता पूर्ण, धडक पूर्ण, अन् भरपाई वयाप्रमाणं! माझ्याबी छातीला स्टेरिंग लागलं, तिथंबी घसारा लावा.

कसं झालं? सांगितलं की फोनवर. पिंपळगाव रेणुकाईला चाललो होतो, देवीच्या दर्शनाला. कपाशीतून रोही, तुमची ती नीलगाय, आडवा आला, त्याला वाचवाया गेलो अन् बाभळीवर गेलो. रोही पळाला — जबाब घ्यायचा तर घ्या त्याचा, तिकडंच चरत असंल. गाडीत? घरचीच माणसं. भाडं बिलकुल न्हाई! गाडी खासगी, पॉलिसी खासगी, भाड्याच्या गाडीला तुमी रुपया देत न्हाई, हे मला पाठ हाये. एवढी माणसं मावली कशी? माया असली की मावत्यात. चांगुणाबाई माझी मावशी, हात मोडला तिचा. बुद्धभूषण मास्तर? ते — घरच्यावानीच. ते देवीला कशाला येतील, त्याह्यला मधी शाळेवर उतरायचं होतं.

जोरात? कोण म्हणलं जोरात चालवली? घाईत होतो म्हणता? हे बघा साहेब, मला लबाड म्हणा, पण हे म्हणू नका. मी कशाला घाई करू? स्टँडवर बद्रीनाथ नंबर पुकारतो, त्याला जाऊन इचारा — रामकिसनची जीप भरून गेली, मंग माझा नंबर लागला, अन् शेवटचं सीट येईपर्यंत मी तिथंच उन्हात उभा! एवढी वर्षं ह्या लायनीत हाये, कोणाचा नंबर खाल्ला न्हाई, कोणाचं सीट पळवलं न्हाई. चांगुणाबाईचं तर भाडंच घेत न्हाई मी, तिचा पोरगा वारल्यापासून — बाकीच्याह्यचं घेतो, तिचं न्हाई. दवाखान्यात माझी बायको वंदनाच बसून होती तिच्यापाशी, तिला दुसरं हाये कोण? मंग मावशी म्हणलं तर खोटं काय बोललो —

काय लिहून राह्यले साहेब?

न्हाई, सीट म्हणजे — ते आपलं बोलायची पद्धत. थांबा की. बॅग कशाला भरता? रबराचं अर्धं द्या, प्लास्टिकचं देऊच नका. साहेब, मला भ्याव वाटून राह्यलं. ही जीप उठली न्हाई तर मी काय करू? मला दुसरं काहीच येत न्हाई.

बरं.

वंदना, चहा राहू दे, साहेब निघाले. अन् साहेब, आता एस्टी न्हाई बरं का, एकदम संध्याकाळी हाये. स्टँडवर जा, रामकिसनची जीप लागली असंल. तिचीबी पॉलिसी खासगीच हाये. भरल्याबिगर सुटणार न्हाई, चुपचाप बसून राहा, अन् रस्त्यात कोणी इचारलं तर सांगा — घरचाच हाये म्हणून.