सात बार, आठ आवाज

आमी मूळचं अक्कलकोटाकडचं, बाई. बा विहिरी खांदायचा, त्येचा बा बी तेच करायचा, आन घरात निम्मी कानडी निम्मी मराठी, म्हंजे रडायचं एकीत आन शिव्या दुसरीत. मी थोरली. शाळेत म्हनाल तर दोन पावसाळं गेले. तितल्या मास्तरनं पाढं म्हनून घेतलं आन उरल्या येळात आमच्याकडनं सोताच्या घरचं पानी भरून घेतलं. असलं शिक्षान. सुटलं ते बरं झालं.

आता तुमी परवा ह्या बायांच्या वर्गात फळ्यावर उभी रेघ काडली, मधी शून्य, वर अधिक, खाली उणं, आन सांगितलं की बरफाच्या मुलखात थंडी शून्याच्या खाली जाती. काय सांगू तुमाला, मला हसूच आलं. सोलापुरात, चैताच्या उन्हात, पत्र्याखाली बसलेल्या बायांना बरफ सांगताय व्हय? ज्येनं ते पुस्तक लिवलं त्येला कुटं ठावं हितं पाय भाजत्यात. रागावू नका. तुमी लई चांगल्या हाय, पुस्तकच येडं हाय.

उणं मला बानं शिकिवलं, आन त्येला सहीबी येत नव्हती. खांदताना कातळ लागला की पहारीनं भोकं पाडायची, त्यात सुरुंगाची दारू ठासायची, वात लावायची, त्येला बार म्हनत्यात. वाती पेटवून वर पळायचं आन वर आलं की कान देऊन मोजायचं, किती फुटलं. बाचं कान त्या आवाजानंच गेल्यालं, मग माजं कान. आमची रीत आशी की जेवढं बार भरलं तेवढं खडं काटावर मांडायचं आन एक आवाज आला की एक खडा मागं फेकायचा. ओंदू, एरडू, मूरू, बा कानडीत मोजायचा. खडं संपलं, शून्य झालं, की उतरायचं. एकबी खडा उरला तर एक बार खाली जित्ता हाय, मग त्या दिशी उतरायचं न्हाय, दुसऱ्या दिशी पानी वतून तो भिजवायचा. आन खडं संपल्यावर आनिक एक आवाज आला तर? तर फेकायला खडा न्हाय, म्हनून बा तितं खापराचा तुकडा ठिवायचा. एक खापर म्हंजे एक उणं. खडा आन खापर एका जागी आलं की दोनी फेकायचं, काय उरत न्हाय. झालं की तुमचं गनित. सातातनं आठ काडलं, उणं एक. पर बा म्हनायचा, पोरी, खडा उरला तर बार फसला, खापर उरलं तर कान फसलं, आन कान फसलं तर समदंच खोटं, खापर दिसलं की खाली पाय टाकायचा न्हाय.

लगीन होटगीकडं झालं, मालकबी विहिरीच्याच कामातलं. मग बाहात्तरचा दुकाळ पडला आन गावाची पियाच्या पान्याची विहीर सरकारी कामात निघाली. कामावर देखरेखीला एक ओव्हरशेर बशिवला. तरणा, गळ्याला रुमाल, डोळ्याला काळा चष्मा, विहिरीत कधी वाकून बगितलं न्हाय त्येनं, चक्कर येती म्हनं. येता जाता सांगायचा, मी गनितात पयला आलोय. आला आसशील बाबा, आमी काय करावं?

दुसऱ्या दिशी मोठा सायेब यायचा हुता, त्येला साफ तळ दाखवायचा हुता, म्हनून ह्येची नुसती घाई. भर दुपारी सात बार भरलं. मी काटावर बसून खडं फेकत हुते. सात फेकलं, आन आठवा आवाज आला. मी खापर ठिवलं आन मालकाला म्हनलं, थांबा. ओव्हरशेर म्हनला, काय झालं गं. म्हनलं, सायेब, भरलं सात आन आवाज आलं आठ. तर ह्यो हसला. म्हनला, मग तर एक जास्तच फुटला की, आता खाली ऱ्हायलं काय? जास्त! आवो, न भरलेला बार फुटतो व्हय? पलीकडं खडीची खान हुती, तितंबी दुपारचं बार उडायचं. म्हनलं, सायेब, खानीतला एक आवाज आपल्यात शिरला, तर दोन कशावरनं शिरलं नसतील? दोन तिकडचं आसलं तर आपलं सहाच फुटलं, एक खाली बसलाय. तर म्हनला, तू मला गनित शिकिवनार?

म्हनलं, मी कशाला शिकवू, तुमची खात्री हाय न्हवं, मग तुमी पयलं उतरा, मागनं मालक येतील. कामावरच्या बाया हसल्या. त्येचं त्वांड पडलं. पाय काय काटावरनं हलला न्हाय गनितातल्या पयल्याचा, पर मालकाकडं बगून म्हनला, तुज्या घरात बायकोचा हुकूम चालतो काय रं? बास. तेवढ्यावर आमचा शाना गडी दोराला लागला. बायकोचं ऐकलं आसं चार मानसांत दिसू ने, मग जीव गेला तरी चालंल. मी हात धरला तर झटाकला त्येनं.

फुटल्याल्या दगडांचा राडा उपसाय त्येनं पहार मारली, आन तिसऱ्या का चवथ्या घावाला खाली बसल्याला बार उडाला. वर काडलं तवा जित्तं हुतं. डोळं दोनी गेलं.

आन पंचनामा ऐका, मला वाचून दावला आंगठ्यासाटी. सात बार भरलं, सहाच फुटलं, एक बाकी हाय हे ओव्हरशेरच्या ध्यानात आलं, त्येनं उतरू नको म्हनून सांगितलं, तरी मजूर सोताहून उतरला. माजं समदं बोलनं उचलून त्या भाड्यानं आपल्या तोंडी घातलं. म्हंजे कळत हुतं की त्येला! मी त्या कागदावर थुकले. आंगठा न्हाय दिला. माज्या बिगर त्येंचं काय आडलं? काय न्हाय.

आता पाच-सहा सालं झाली. मी हितं शेरात बिड्या वळते, तुमच्या वर्गाला बसते. मालक दारात बसत्यात. भाकरी हातात द्यावी लागती, तांब्या कुटं हाय ते सांगावं लागतं. येवढ्या दिसांत त्या मानसानं एकदाबी म्हनलं न्हाय की तुजं बरोबर हुतं. पयलं पयलं मी वाट बगायची. भांडायचीबी. आता न्हाय. म्हनलं तरी त्येचं मी काय करू, सांगा. तुमचं भलं हू दे, बाई, तुमी शिकवा, मी यीन. पर आता उठते, त्येस्नी उन्हातनं सावलीत बशिवायचं हाय, सावली सरकल्याली त्येस्नी कळत न्हाय.