मुकुंदाचा वास्तुपुरुष

शपथेवर सांगतो, हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे मी तेव्हा आत सोफ्यावर होतो, पण खिडकी मोठी होती.

आमच्या मुकुंदानं अमेरिकेत ईडन प्रेरी गावात घर घेतलं आणि वास्तुशांत ठेवली. वास्तुपुरुष आग्नेय कोपऱ्यात पुरल्याशिवाय पानं वाढायची नाहीत, अशी त्याच्या आईची ताकीद. पाहुणे सगळे उपाशी.

मुकुंदानं बॅकयार्डमध्ये खणायला घेतलं. वर काळी माती, खाली राखाडी चिकणमाती, तिच्यात गंजासारखे डाग आणि लहानमोठे गोटे.

"हिमयुगात हिमनदीनं आणून टाकलेली माती आहे, यार!" तो अभिमानानं ओरडला.

तेवढ्यात खड्ड्यात पाणी झिरपायला लागलं. पाऊस पडून आठवडे झाले होते, पण त्या मातीतून पाणी खाली जिरतच नाही. मुकुंदा मगानं उपसतोय, खड्डा पुन्हा भरतोय. शेवटी गुरुजींनी वास्तुपुरुषाची तांब्याची डबी तशीच आत ठेवली. ती तरंगत वर आली.

गुरुजी एरवी सॉफ्टवेअर कंपनीत. म्हणाले, "माझ्या घरी तर नीट बसला होता."

डेकवरून आई कडाडल्या, "अहो गुरुजी, मसालेभात गार झाला! देव बसवताय की बुडवताय?"

गुरुजींनी पाण्याकडे पाहिलं, अक्षता टाकल्या आणि खणखणीत आवाजात विसर्जनाचा मंत्र म्हटला. "झालं. पानं घ्या."

बरं, डबी तरंगली हे मी पदरचं घातलंय. धान्यानं ठासलेली तांब्याची डबी तरंगेल कशी? ती मुकाट्यानं तळाला गेली. विसर्जन मात्र शंभर टक्के खरं. 'मोरया' मीच ओरडलो होतो, सोफ्यावरून.