बशीत सांडलेला चहा

मल्लम्मा: ...अगं पर अंगात काय घातलंस ते? बाह्या हायत का पोती? एकेकीत पायलीभर ज्वारी बसंल.

शिवकन्या: इथला जुन्या काळचा झगा आहे गं आई. आज कॉलेजनं आम्हा बाहेरदेशच्या पोरांना जुनं शहर दाखवायला आणलंय. आधी हे घालायला दिलं. मग ब्रशानं त्यांची अक्षरं काढायला बसवलं, लाल कागद कातरायला शिकवलं. आता चहाघरात आलोय.

मल्लम्मा: कपाळाला इभूत हाय का? जरा वर धर मोबाईल. हां, हाय. चीनला गेली तरी इभूत सोडली न्हाई, बरं वाटलं मला. जेवलीस का?

शिवकन्या: भात आणि पालेभाजी. आई, अप्पा कुठंयत?

मल्लम्मा: कुठं असनार? मांजरसुंब्याचा फाटा जागचा हालंल, पर तुझे अप्पा चहाच्या भट्टीम्होरून हालायचे न्हाईत. बिस्किटाच्या बरनीला टेकवलाय मोबाईल, दिसत न्हाईत का तुला?

शिवकन्या: पाठ दिसतीय.

मल्लम्मा: मग दिसले की! मला तरी सकाळधरनं दुसरं काय दिसतंय?

शिवकन्या: आज माझं त्यांच्याशीच काम आहे. बोला म्हण ना.

मल्लम्मा: अवो, पोरगी बोलती हाय. चेंगदूवरून.

बसप्पा: दूध उतू चाललंय माझं.

मल्लम्मा: कुठलं दूध? शेगडी तर बंद हाय!

बसप्पा: मग पेटवाया पायजे.

शिवकन्या: राहू दे आई. संक्रांतीला सगळ्या फाट्याला तिळगूळ वाटला म्हणे, गोड बोला, गोड बोला करत. माझ्याशी कडू सुद्धा बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं मला.

बसप्पा: तिला सांग, लातूरच्या पाव्हन्याला जबान दिलती मी. चार मानसात दिलती. साखरपुड्याची तारीख धराया बसलो, तर ही पासपोर्ट घिऊन दारात उभी. आन् तुझा भाऊ केदारनाथ बॅग उचलाया हजर.

मल्लम्मा: तिनं ऐकलं की. कान हायत तिला.

बसप्पा: मी तुला सांगतोय. तिच्याशी माझं बोलनं न्हाई.

शिवकन्या: बरं. मग मी पण आईलाच सांगते. आई, ऐक. ह्या चहाघरात एक माणूस आहे. त्याच्या किटलीची तोटी इतकी लांब, की मी हात पसरले तरी पुरायचे नाहीत. डोक्यावरून ओततो, पाठीमागून ओततो, आणि कपाबाहेर एक थेंब सांडत नाही.

मल्लम्मा: अगं बया! ऐकलं का? पाठीमागून!

बसप्पा: ऐकलं. ईचार तिला, न सांडायचं काय कौतुक? थेंब न सांडू देता द्यायला ते काय पेट्रोल हाय व्हय?

शिवकन्या: तेच तर सांगायला फोन केलाय मी! इथं चहा शिकवायला लिन आजी म्हणून आहेत. पार पिकलेल्या, पण हात दगडासारखा स्थिर. आम्हाला म्हणाल्या, मी ओतून दाखवलं, आता तुम्ही एकेकानं मला चहा द्या. नेपाळच्या पोरीनं दिला, घानाच्या क्वामेनं दिला. मग माझी पाळी आली.

मल्लम्मा: नीट दिलास न्हवं? दोन्ही हातांनी?

शिवकन्या: दोन्ही हातांनी दिला. पण भरताना विसरले मी कुठं आहे. हात गेला आपल्या सवयीनं. काठोकाठ भरला, वरून अजून एक धार सोडली, खाली बशीत सांडेपर्यंत. अप्पा ट्रकवाल्यांना देतात तसा.

मल्लम्मा: मग?

शिवकन्या: मग आमच्या मॅडमचा चेहरा उतरला. कानात येऊन सांगितलं, इथं कप भरून द्यायचा नसतो. भरलेला कप म्हणजे पाहुण्याला सांगणं, की झालं तुमचं, उठा आता.

बसप्पा: काय? चहा देऊन वर उठा म्हनायचं?

मल्लम्मा: अवो, तुमचं बोलनं न्हाई तिच्याशी.

बसप्पा: मी तिच्याशी न्हाई, त्या देशाशी बोलतोय! कावून पन असला दस्तूर? आपल्यात अर्धा कप दिला तर मानूस जन्मात परत पायरी चढनार न्हाई. आन् ह्यांच्यात भरून दिला तर बेइज्जती? एवढं ऐकवायला फोन केला का तिनं? का अप्पाची रीत चुकीची निघाली म्हनून?

शिवकन्या: आई, त्यांना म्हण, पूर्ण ऐका आधी. कप भरून दिला की बोटं भाजतात. म्हणून हे लोक दहातले सात हिस्से चहा ओततात, वरची तीन हिस्से जागा मोकळी. ती मोकळी जागा मायेची, असं म्हणतात.

मल्लम्मा: चांगलं हाय की गं हे.

बसप्पा: वाईट न्हाई. पर माया अशी मोकळी ठिवून दिसती व्हय कुनाला?

शिवकन्या: मला तर रडूच यायला लागलं होतं. एवढं म्हातारं माणूस, त्याला मी भर पोरांत उठा म्हणाले! पण लिन आजी शांत. विचारलं, पोरी, असा भरायला तुला कुणी शिकवलं?

मल्लम्मा: काय म्हनलीस?

शिवकन्या: म्हणलं, माझ्या वडिलांनी. बीडजवळ मांजरसुंब्याला आमचं हॉटेल आहे. तिथं रस्त्याला रस्ता मिळतो. रात्रभर गाडी चालवून माणसं येतात, डोळे लाल झालेले असतात. वडील म्हणतात, कपातलं त्याच्या पैशाचं, बशीतलं आपल्या मनाचं. म्हणून बशीत सांडल्याशिवाय ते कप पुढं सरकवत नाहीत.

बसप्पा: हे... हे सगळं म्हनली ती? तितल्या लोकांत?

शिवकन्या: त्यांच्या भाषेत म्हणले. आवाज जरा सुद्धा पडला नाही माझा. कुणाचे वडील इंजिनियर, कुणाचे वकिलातीत. मी म्हणलं, माझे वडील बसप्पा, चहा करतात. लई अभिमान वाटला मला, आई. इतका की झग्याच्या बाह्या आवरायचं पण सुचेना.

बसप्पा: ईचार, नाव घेतलं माझं?

मल्लम्मा: घेतलं म्हनती की आत्ताच.

बसप्पा: तसं न्हाई. ते लोक कसं म्हनले माझं नाव?

शिवकन्या: बा-सा-पा. तिघातिघांनी म्हणून बघितलं.

बसप्पा: बा-सा-पा. हं. बरं म्हनले. हितं तहसीलातला बाबू बी धड म्हनत न्हाई.

मल्लम्मा: पर त्या आजीनं काय केलं? ते सांग की गं, माझा जीव टांगलाय.

शिवकन्या: आजी हसल्या. कप तसाच ठेवला, खालची बशी दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली. सुर्रकन आवाज करून प्याल्या!

मल्लम्मा: अगं माझी बाई ती! आपल्या नांदूरघाट गावची म्हातारीच म्हन की.

शिवकन्या: आणि मग सांगितलं, ही बशी ह्याच शहरातल्या एका पोरीनं काढली. हजार वर्षं झाली म्हणे. तिचा बाप मोठा अधिकारी होता. गरम कपानं बोटं भाजायची, म्हणून पोरीनं कपाखाली बशी ठेवायची युक्ती काढली.

बसप्पा: आन् बापानं काय केलं?

मल्लम्मा: हे मी ईचारू का तुमी ईचारताय?

बसप्पा: तूच ईचार.

शिवकन्या: बापाला लई कौतुक वाटलं. घरी येईल त्याला बशी दाखवायचा, माझ्या पोरीनं काढली म्हणायचा.

मल्लम्मा: मग हजार वर्षांत बाप काय बदलले न्हाईत बघ! हे तुझ्या म्होरं तोंडाला कुलूप लावतेत, आन् तुझ्या म्हागं गिऱ्हाईक बसायच्या आत सुरू. पोरगी डॉक्टर व्हनार हाय, चीनची भाषा पान्यासारखी बोलती...

बसप्पा: मल्लू!

मल्लम्मा: का गप बसू? परवा परळीचा एक डायवर गमतीनं म्हनला, चीनचा माल टिकतो का ओ अप्पा? झालं! ह्यांनी त्याच्या हातातला कप काढून घेतला. अर्ध्या कपावरून उठवला बिचाऱ्याला.

शिवकन्या: अप्पांनी? अर्ध्या कपावरून?

बसप्पा: अर्धा न्हवता. पाऊन पिऊन झालता त्याचा.

मल्लम्मा: बशी तर तशीच ऱ्हायली व्हती की भरलेली! आजपतोर ह्या हॉटेलात कुनावर ती पाळी आली न्हवती. तुझ्यापायी आली.

शिवकन्या: ...आई.

मल्लम्मा: रडू नगंस. झग्याला डाग पडतील, परत द्यायचा असंल तो.

शिवकन्या: आई, ऐक. लिन आजी म्हणाल्या, हिचा हात घडवला त्या माणसाला मला बघायचंय. इथं शेजारीच बसल्यात त्या. आम्ही सगळे ताटकळलोय. त्यांना अप्पांनी चहा ओतलेला बघायचाय. मी हो म्हणून बसले. आता अप्पा पाठ फिरवूनच राहिले, तर ह्या सगळ्यांना मी काय सांगू? माझे वडील माझ्याशी बोलत नाहीत म्हणून सांगू?

मल्लम्मा: अवो... आता तरी फिरा की.

बसप्पा: म्हातारं मानूस बसलंय म्हनती? कवापासून?

शिवकन्या: फोन लावला तेव्हापासून.

बसप्पा: आन् हे तू आत्ता सांगतीस मला? एवढा येळ पाव्हनी बसून हाय आन् मी बनेनवर! मल्लू, माझा सदरा दे. तो न्हवं, पांढरा. टोपी कुठंय? अगं, म्होरं पान्याचा गिलास तरी ठिव तिच्या!

मल्लम्मा: ती चीनात हाय अवो!

बसप्पा: तरी ठिव.

शिवकन्या: अप्पा, ह्या लिन आजी.

बसप्पा: शरणार्थ, माई. शिवे, शरणार्थ म्हंजे काय ते नीट सांग तिला. नुसतं नमस्कार म्हनू नगं.

मल्लम्मा: अवो, तुमी...

बसप्पा: तू मधी बोलू नगं. मोबाईल जरा मागं घे, हात दिसाया पायजेत. शिवे, दिसतंय का?

शिवकन्या: दिसतंय अप्पा. अप्पा, तुम्ही माझ्याशी...

बसप्पा: आधी पाव्हनीचं बघ. तिला सांग, आमच्यात दूध असतंय, साखर असतीय, आलं ठेचून टाकलंय. पत्ती हलकी हाय, पर उकळी माझी हाय.

(भट्टीचा भगभगाट. पातेलं उचलल्याचा, मग चहाची लांब धार पडल्याचा आवाज. शेवटी बशीत टपटप.)

मल्लम्मा: सांडला बघ. बरोबर बशीतच.

शिवकन्या: अप्पा, सगळे टाळ्या वाजवतायत. ऐकू येतंय का? तो लांब तोटीवाला माणूस उभा राहिलाय. मान झुकवून बघतोय.

बसप्पा: त्याला सांग, तुझा बी हात लई कसलेला हाय म्हनावं. पाठीमागून मला जमायचं न्हाई. ह्या फाट्यावर आला तर त्याचं बाकडं माझ्याकडं राखीव.

शिवकन्या: लिन आजी काहीतरी विचारतायत. थांबा... त्या म्हणतात, आमच्याकडं भरलेला कप म्हणजे उठा, जा. तुमच्याकडं भरलेला कप काय म्हणतो?

मल्लम्मा: आता काय सांगताय? ईचार करून सांगा.

बसप्पा: ईचार काय करायचाय त्यात. शिवे, माईला सांग, आमच्यात बी तो ‘जा’ असंच म्हनतो. पाव्हना रस्त्याचाच असतोय, त्याला धरून ठिवता येत न्हाई. लांबचं जायचंय तुला, पोटभर पी आन् खुशाल जा, असं म्हनतो भरलेला कप.

शिवकन्या: आणि बशीतलं?

बसप्पा: बशीतलं म्हंजे... येताना हितंच थांब.

शिवकन्या: अप्पा... हे लिन आजींना सांगू?

बसप्पा: तिला बी सांग.