टोपणावरची खूण

मंडळी, जरा पुढे सरकून बसा, आरतीला वेळ आहे तोवर एक गोष्ट सांगतो. काल हडपसरच्या गॅरेजात मी पंक्चरसाठी थांबलो होतो. शेजारी उत्तरेश्वर मिस्त्री एका जुन्या मोटारीत डोकं घालून उभे होते आणि तिच्या मालकीणबाई, रतनकाकांच्या शर्मिलाकाकू, स्टुलावर बसल्या होत्या.

"धूर फार काढते हो. संध्याकाळी गिऱ्हाईक बघायला येणार आहे."

"इंजिनाची हवा अडवणारा चोक उशिरा उघडतोय, काकू. कार्बोरेटरवरचं हे चोकचं काळं टोपण रतनकाकांनी बरंच फिरवून ठेवलंय. नेलपॉलिशची खूणसुद्धा हाय."

"माझंच असणार. तरी म्हटलं बाटली गेली कुठे."

"गार हवेत गाडी पटकन सुरू व्हावी म्हणून असं फिरवतात. पुण्यात एवढं लागत नाही. काका कुठं निघाले होते?"

"महाबळेश्वरला. दिवाळी झाली की जाऊ, म्हणाले. मी म्हटलं, आधी मंडईपर्यंत तरी नेऊन दाखवा."

"मग?"

"मग काय. दसऱ्यालाच देवाघरी गेले."

"टोपण मागं फिरवू का? इंजिन गार हाय तोवर लगेच होतंय."

"म्हणजे धूर थांबेल, आणि गाडी विकली जाईल."

"हां."

"उत्तरेश्वर, घाटात चालवता येते तुम्हाला?"

"येती की."

"रविवारी मोकळे आहात?"

"हाय."

"मग टोपणाला हात लावू नका. गिऱ्हाइकाला मी फोन करते."

मंडळी, आज आरतीला हात जोडाल तेव्हा रतनकाकांचीही आठवण ठेवा.