तीस डॉलर

(नाशिकमधलं एक कॉलेज, २००६. ग्रंथपाल मीना आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक रविराज.)

रविराज : जर्नल आता कॉम्प्युटरवरच येतं. कागद गेला, छपाई गेली, टपाल गेलं. तरी या जर्नलची वर्गणी वाढते कशी, मीनाताई? मधे कोण खातंय?

मीना : मी, असंच ना सर? तुमचा तक्रार अर्ज प्राचार्यांनी दाखवला मला.

रविराज : तुमचं नाव नाही घातलं. 'जर्नल पुरवणाऱ्या एजंटाशी संगनमत असावं' एवढंच लिहिलंय.

मीना : इथे एजंटाशी बोलणारी मी एकटीच आहे.

रविराज : मग माझाच लेख मला का उघडत नाही? देवळ्याला पुंजानानांच्या शेतात कांद्यावरच्या करपा रोगाचा तीन वर्षं अभ्यास केला. परवा नाना मुद्दाम आले, काय छापलंय ते बघायला. स्क्रीनवर आलं, तीस डॉलर भरा. नानांना तसंच परत पाठवलं मी.

मीना : वर्गणी परवडेना म्हणून कॉलेजनं जानेवारीत बंद केली. पूर्वी बंद केली तरी जुने अंक कपाटात राहायचे. आता पैसे थांबले की मागचंही सगळं कुलूपबंद.

रविराज : मग दुसरं स्वस्त जर्नल घ्यायचं.

मीना : त्यात तुमचा लेख असेल का? पंचवटीच्या बाजारात भाजी महाग वाटली तर पुढच्या गाळ्यावर जाता येतं. तुमचा लेख एकाच गाळ्यावर आहे. आणि तो त्या प्रकाशकांना दिला कोणी? हा त्यांचा करार. सही बघा.

रविराज : माझीच आहे. लेख घेतला याच आनंदात होतो. वाचलंच नाही.

मीना : सगळे हक्क कायमचे त्यांना. मोबदला किती मिळाला?

रविराज : काहीच नाही.

मीना : आणि लेख तपासणाऱ्यांना?

रविराज : तेही आमच्यासारखे मास्तरच. फुकट. मी गेल्या वर्षी चार तपासून दिले त्यांना.

मीना : लिहिणार तुम्ही, तपासणार तुम्ही, आणि विकत घेणार तुमचंच कॉलेज. आता सांगा, मधे कोण खातंय?

रविराज : अर्ज मागे घेतो. आजच, लेखी.

मीना : घ्याच. सतरा वर्षं झाली मला इथे.

रविराज : चुकलंच माझं.

मीना : नानांना तुमच्या कॉम्प्युटरवरचा मूळ मजकूर छापून द्या. आणि पुढचा लेख?

रविराज : बढतीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न एकच असतो, कुठे छापून आलंय.

मीना : म्हणजे परत त्यांनाच देणार?

रविराज : सोमवारीच पाठवला.