अडक्या प्रिंटरला माझं नाव

हसू नका गं, अजून डोकं तापतं माझं. उधन्याला एका गुजराती शेठच्या कापडाच्या हापिसात मी चहा-झाडू करायची. तिथं कॉम्प्युटर आले. परेश नावाचा मेला ऑपरेटर म्हणे, "मासी, प्रत्येक मशीनला नाव द्यावं लागतं, नाहीतर कागद कुठं पाठवायचा ते कॉम्प्युटरला कळत नाही." आणि सारख्या अडकणाऱ्या प्रिंटरला त्यानं माझंच नाव दिलं! दिवसभर ओरडायचा, "शेवंता अडकली! मारा दोन थापडा!" सगळं हापिस खी खी करायचं.

"नाव बदल माझं," म्हटलं, तर म्हणे, "एकदा टाकलं की नाही बदलत, मासी."

बरं बेटा. दुसरा प्रिंटर आला तेव्हा मी गोड बोलले, "याला जमना नाव दे. माझी जाऊ आहे, लई भांडखोर." मेल्यानं खुशीत टाकलं.

शेठच्या म्हाताऱ्या आईला सगळे मोटीबा म्हणायचे. तिचं खरं नाव जमना, हे मलाच ठाऊक, कारण तिचे पाय मी चेपायची. दिवाळीला मोटीबा मशीनची पूजा करायला आली. तिच्या हातात कुंकू, आणि मागून परेश ओरडला, "जमना डोसी अडकली! मारा म्हातारीला थापडा!"

शेठ असा गरजला! परेशनं उभ्या उभ्या नाव बदललं.

"आता माझं बदल," मी म्हटलं.

"उद्या करतो, मासी."

मी उकळत्या चहाची किटली त्या शेवंतावर धरली. "आत्ता बदलतो, का पाजू हिला?"