मागल्या फाळक्याचा हूक

मी मूळचा कवठे येमाईचा. उत्तम माझं नाव, आता ऱ्हायला शिरूरला. आमची वस्ती गावाच्या कडंला, बौद्धवाडा. रान न्हवतं, बाप लोकाच्या बागाईतात राबायचा आन् माय पण राबायची, तवा मी चौथीतनं शाळा सोडली आसं समदे म्हंत्यात पर खरं म्हंजी शाळेनं मला सोडलं, कारण माझं बूड एका जाग्याव टेकतच न्हवतं. आजबी टेकत न्हाई, बघताय ना तुम्ही, तुम्ही लिवायला बसला तवापसनं मी किती बार उठलो. मास्तर म्हणायचे उत्तम, तुझ्या पायाला चाकं हायेत का. आन् काय सांगू तुम्हाला, पुढं खरंच चाकं लागली.

पाटसच्या अलीकडं आप्पांची वस्ती. मोठा बागाईतदार माणूस, ऊस लई, आन् त्यांनी नवी ट्रक घेतली कारखान्याला ऊस घालायला. माझ्या मामानं मला तिथं क्लीनर म्हणून लावलं. आप्पा सोता गाडी चालवायचे त्या वक्ताला, मी डाव्या दाराशी. क्लीनर म्हंजी काय, तर गाडी थांबली की पळत जाऊन चाकाखाली लाकडाची उटी सरकवायची, मागं घेताना बॉडीव थाप मारत आवाज द्यायचा, टायरावर टॉमी, म्हंजी लोखंडी पहार, हाणून आवाजावरनं हवा वळखायची. ते मला लई झ्याक जमायचं. पुढं आप्पांनीच मला श्टेरिंग शिकवलं, न्हावऱ्याच्या रस्त्याला, मोकळी गाडी आसताना. शिव्या लई द्यायचे पर शिकवलं. माझी माय आजारी पडली तवा आप्पांनी ऊस तसाच रस्त्याच्या कडंला सोडून तिला दौंडच्या दवाखान्यात न्हेली त्याच गाडीतनं. मी खोटं बोलणार न्हाई, माणूस वाईट न्हवता.

तर गाडी चालवली जलमभर. आप्पांची चालवली, मग ती भंगारात गेली, मग दुसऱ्याच्या चालवल्या, रांजणगावच्या कंपन्यांचा माल वाढला तसा लांबचा माल भरला. मग छातीत कळ आली, नळी टाकली, डॉक्टर म्हणाला बास, आता घरी बसा. बसा! ह्या माणसाला म्हणतोय बसा! घरात मी नुसता येरझाऱ्या घालायचो, सुमन, म्हंजी माझी मंडळी, ती म्हणायची आवं फरशी झिजली, आता तरी टेका. डेपोत जाऊन यष्ट्या बघत उभा ऱ्हायचो. कोण कशी मागं घेतंय, कोण क्लच जाळतंय. डायवर लोक वैतागले.

माझी लेक सुजाता, पुण्यात हापिसात हाय, तिला माझी दया आली आसंल न्हाईतर आईची आली आसंल, तिनं एक खोकं मागवलं. त्यात ट्रक. सुटी, प्लास्टिकची, समदे पार्ट चौकटीला चिकटल्याले, तोडायचे, घासायचे, जोडायचे. खऱ्या गाडीच्या चोवीस पट ल्हान. म्हटलं पोरी, मी काय पोर हाय का खेळायला. ती म्हणाली बाबा, नुसतं जोडून तर बघा. जोडली. आठ दिसात जोडली आन् समोर ठेवली आन् मला आसा राग आला म्हणता! कसली वो ती ट्रक. नाक हातभर लांब, श्टेरिंग डाव्या बाजूला, रंग नव्या नवरीवानी, टायर कोरं. ही गाडी कवा रस्त्याला लागलीच न्हाई. हिनं कवा ऊस वाहिला न्हाई, हिच्याखाली कुणी गोणपाट टाकून झोपलं न्हाई.

मग धरली करवत आन् नाक कापलं.

तिथनं लागलं ते याड. श्टेरिंग उजव्या हाताला घेतलं. मागची बॉडी आईसकांडीच्या काड्यांची, एकेक फळी तासून, मागं उघडायचा फाळकाबी त्याचाच. ऊस केला हिराच्या झाडूचा, सुमन म्हणाली माझा झाडू कुठाय, म्हटलं कारखान्याला चाललाय. दोर म्हंजी शिवायचा दोरा मेणात घोळून. चाकामागचे रबर सायकलच्या ट्यूबचे. गंजाची तर एक गंमत हाय, आधी तपकिरी रंग मारायचा, सुकला की पाणी शिंपडून मिठाचे खडे पसरायचे, वाळलं की वरनं गाडीचा रंग, आन् मग मीठ खरडून काढायचं, आसा गंज दिसतो की हात लावला तर धनुर्वात व्हईल. चिखल म्हंजी घोडनदीच्या काठची माती, धोतराच्या फडक्यातनं चाळून डिंकात कालवल्याली. आन् सगळ्यात मोठं म्हंजी गाडी सरळ उभी करायची न्हाई. उसाची गाडी जलमभर जादा भरल्याली आसती, तिच्या स्प्रिंगचा डावा पाटा बसतो, ती डावीकडं खांदा पाडूनच उभी ऱ्हाती. सरळ उभी दिसली की समजायचं, खोटी हाय. माझं एकच म्हणणं, करायचं तर खरं करायचं. न्हाईतर बाजारात खेळणी काय कमी हायेत.

सुजातानं फोटू काढून फोनवर टाकलं आन् ते फिरत फिरत आप्पांच्या विलासपतोर गेलं. विलास म्हंजी आप्पांचा थोरला ल्योक, सोसायटीत, राजकारणात, मोठा माणूस. त्याचा फोन. म्हणाला उत्तममामा, आप्पांचं सहस्रचंद्रदर्शन करायचंय, नव्या बंगल्यात मोठा कार्येक्रम हाय, तर आप्पांची पहिली गाडी तुम्ही करून द्या, काचंच्या कपाटात ठेवू, हुबेहूब पायजे. हुबेहूब! मला काय, आंधळा मागतो एक डोळा. त्यानं एक जुना फोटू धाडला, दसऱ्याचा. गाडीला झेंडूचं हार, म्होरं आप्पा फेटा बांधून, आन् कडंला मी, आर्धाच आलोय, एक हात आन् एक कान. फोटू पुढनं घेतल्याला. मागची बाजू कुठल्याच फोटूत न्हाई. म्हटलं काय बिघडत न्हाई, मागची बाजू माझ्या ध्यानात हाय.

दीड म्हैना लागला. कुठं पोचा, कुठल्या दिव्याची काच फुटल्याली, कुठल्या फळीला नवं लाकूड, समदं डोळं मिटून सांगतो. पार शेवटाला आलो आन् मग आठावला तो गलास.

जर्मलचा गलास. माझा. पाण्याचा कॅन केबिनीत, त्यावर आप्पांचा पितळी तांब्या, आन् माझा गलास भाईर, गाडीच्या बॉडीला हूक मारून त्यात आडकवल्याला. ताहान लागली की मी गलास काढायचा, धुवायचा, धरायचा, आप्पा वरनं पाणी वतायचे. वरनं. मग परत आडकवायचा. समद्या रस्त्यानं तो वाजायचा, खडखड खडखड. त्यावर कवा कोन बोललं न्हाई, मीबी न्हाई. मी डायवर झालो तरी तो तिथंच व्हता, आन् माझ्या हाताखाली दुसऱ्या जातीचा क्लीनर आला तो आत तांब्यानं पाणी प्यायचा. मग एका हंगामात बघतो तर गलास न्हाई, पडला आसंल कुठंतरी. मी बाटली घेतली.

आता लावायचा का न्हाई? तुम्हीच सांगा. खरं करायचं म्हणून झाडू मोडला, मीठ नासलं, आन् हे सोडून द्यायचं? सुमन म्हणाली आवं त्यांच्या घरचा आनंदाचा दिस, कशाला जुनं उकरताय, आप्पांनी तुमच्या आईला दवाखान्यात न्हेली हे इसरलात का. सुजाताला फोन केला तर ती म्हणाली बाबा, लावा, गंज लावता आन् हे लावत न्हाई का. दोघींचंबी खरं. मी गोळीच्या पाकिटाची चांदी काडीवर गुंडाळून गलास केला, जवारीच्या दाण्यायेवढा. लावला. काढला. परत लावला. चार दिस नुसती उठ-बस उठ-बस. शेवटाला लावला, डाव्या दाराच्या मागं, माझ्या हाताशी व्हता तिथं.

दौंडची यष्टी धरली, खोकं मांडीवर, डायवर वळखीचा, त्याला म्हटलं खड्डे जरा बघून, माझी गाडी हाय मांडीवर. बंगल्यात ही गर्दी. ट्रक टेबलाव ठेवली आन् लोक नुसती चक चक करायला लागली. विलासची सून वाकून बघत व्हती, म्हणाली मामा, हे काय वो इवलंसं, गलास हाय का, किती गोड! विलासनं वळखलं, त्याचं तोंड उतरलं, तो पटदिशी म्हणाला आगं पाण्याचा गलास, डायवर लोकांचा आसतो, चला आप्पांना ओवाळायचंय.

पर आप्पा म्हणाले, थांबा. म्हणाले, गाडी हिकडं आना. हात थरथर करत्यात त्यांचे, नजर अधू झाल्याली, पेपर वाचायचं भिंग मागवलं आन् लावलं गाडीला. लई येळ बघितलं. मग म्हणाले, उत्तम, चुकलास.

म्हटलं काय चुकलं आप्पा. माझं काळीज आसं वाजाय लागलं की नळी निसटती का काय.

म्हणाले, हितं न्हवता. आन् गाडी फिरवली, तिची पाठ आपल्याकडं केली आन् मागल्या फाळक्याच्या खालच्या कोपऱ्याव नख ठिवलं, चाकाच्या रबराच्या वर. हितं व्हता. हुकाचा खिळा मी ठोकला व्हता.

बायकांच्या हातातली निरांजनं तशीच. विलास म्हणाला आप्पा, ऱ्हाऊ द्या आता. आप्पा म्हणाले न्हाई, चूक ती चूक, न्हे रं परत, नीट करून आन.

आन् काय सांगू तुम्हाला, तवा मला समदं आठावलं. फाळक्यालाच व्हता! ताहान लागली की मी गाडीला वळसा घालून मागं पळायचो, गलास धुरळ्यानं भरल्याला आसायचा, धुराचा वास यायचा त्याला, तो घेऊन परत म्होरं पळायचो, पाणी पिऊन परत मागं. दाराशी कवा न्हवताच. मग दाराशी आणला कुणी? मीच की! इतकी वर्सं मनातल्या मनात मी तो गलास थोडा थोडा म्होरं सरकवत आणला, आपल्यालाच लाज वाटू नये म्हणून. मी, खऱ्याचा येवढा टेंभा मिरवणारा. आन् ज्यानं ठोकला त्याला जागा ध्यानात, इंचासकट. ह्याचा मला राग यावा का बरं वाटावं, मला आजून कळालं न्हाई. माफ कर म्हणाले न्हाईत ते. पर लपवलंबी न्हाई, भरल्या घरात, सुनांम्होरं.

ही बघा गाडी. हूक मागं न्हेलाय, हितं. दाराजवळचं भोक बुजवलं, रंग मारला, दुसऱ्या कुणाला दिसायचं न्हाई, मला दिसतं. विलासचा फोन यून गेला, आप्पा इच्यारत्यात गाडी कवा. मी आज उद्या करतोय. न्ह्यायला निघतो आन् परत चपला काढतो. पर एक केलंय. गाडीचा खिळा न् खिळा डिंकानं चिकटवलाय, हलवून बघा, हलायचा न्हाई. गलास तेवढा सुटा ठिवलाय. आप्पांच्या हातात देणार आन् म्हणणार, आप्पा, खिळा तुम्ही ठोकला, आता गलास काढायचा का ऱ्हाऊ द्यायचा ते तुमच्या हातानं करा. मी काढणार न्हाई.

काय करतील कुणास ठावं. हात थरथरतोय त्यांचा, आन् गलास जवारीयेवढा. म्हाताऱ्याला शंभर वर्सं आयुक्ष मिळो, भलं व्हवो त्याचं. न्हाईच मिळालं तर निदान बुधवारपतोर तरी मिळो. बुधवारी सकाळच्या यष्टीनं मी चाललोय.